सही कुणी पाहिली?

जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कूपरस्टाउनच्या मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागातलं, ऑट्सेगो तळ्याच्या काठावरचं हे गाव. वस्ती दोन हजारांच्याही आतली. पण बेसबॉलचं हॉल ऑफ फेम इथे आहे, आणि नव्या मानकऱ्यांना त्यात सामील करून घेण्याचा सोहळा याच दिवसांत होतो. २०२५मध्ये त्या मानकऱ्यांत जपानचा इचिरो सुझुकी होता. ३९४पैकी ३९३ मतं त्याला पडली होती. गर्दी त्याच्यासाठी होती, तशीच फुटपाथवर मांडलेल्या टेबलांसाठीही होती.

प्रत्येक टेबलामागे सत्तरी-ऐंशीतला एखादा जुना खेळाडू बसलेला. समोर पाटी: नाव, वेळ आणि सहीचा दर. चेंडूवर सही हवी असेल तर एक रक्कम, बॅटवर हवी असेल तर त्याहून मोठी, आणि सहीखाली एखादी ओळ लिहून हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. कुपन आगाऊ घ्यायचं. तुमची पाळी आली की मदतनीस तुमच्या हातातला चेंडू घेतो, कुठे सही करायची ती जागा वर येईल असा धरतो आणि निळं बॉलपेन पुढे करतो. म्हातारबाबा सही करतात, वर बघून दोन शब्द बोलतात, की पुढचा माणूस. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी बसलेली असते. तिच्यापुढे चमकत्या होलोग्राम स्टिकरांची गुंडाळी. तिने सही होताना डोळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून ती चेंडूवर स्टिकर लावते आणि त्याचा क्रमांक वहीत उतरवते.

‘अस्सल आणि नक्कल’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला ही टेबलं आठवली. न्यू जर्सीतले माझे यजमान मूळचे डोंबिवलीचे. नोकरीसाठी तिकडे गेले आणि मुलाच्या नादाने बेसबॉलकडे वळले. मुलगा शिकून दूर गेला, छंद मात्र वडिलांकडेच राहिला. त्यांच्याबरोबर मी कूपरस्टाउनला गेले. रांगेत उभं असताना ते म्हणाले, “सही मिळवणं सोपं आहे हो. हीच सही खरी आहे, हे वीस वर्षांनी दुसऱ्याला पटवणं अवघड.” या लेखात जे काही आहे, ते त्यांच्या या वाक्यामागे जाऊन पाहिलेलं आहे.

विषयाला हे गाव फार शोभून दिसतं. १८३९ साली अ‍ॅबनर डबलडे नावाच्या तरुणाने इथे बेसबॉलचा शोध लावला, असा निष्कर्ष १९०७च्या सुमारास एका समितीने काढला. हॉल ऑफ फेम इथे आलं ते त्याच आधारावर. प्रत्यक्षात त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, आणि खेळ त्याच्या आधीपासून खेळला जात होता. गावातल्या मैदानाला नाव मात्र आजही डबलडेचंच आहे.

आधी चेंडू, मग सही

माझी समजूत होती की जाणकार माणूस आधी अक्षर पाहतो. तसं नाही. तो आधी चेंडू पाहतो.

यजमानांनी कपाटातून एक चेंडू काढला आणि सुती हातमोजे घालून माझ्यासमोर धरला. बेसबॉलचा चेंडू आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित मोठा आणि पांढरा. आत बुचाचा गाभा, त्यावर लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे, आणि बाहेर कातड्याचे दोन तुकडे लाल दोऱ्याच्या १०८ दुहेरी टाक्यांनी हाताने शिवलेले. ही शिवण चेंडूभर वळणं घेत जाते. दोन ठिकाणी ती इतकी जवळ येते की मधे जेमतेम एका नावापुरती पट्टी उरते. त्यातली जी पट्टी छपाईविना कोरी असते तिला स्वीट स्पॉट म्हणतात. एकट्याची सही असेल तर ती इथेच हवी. सगळ्या संघाच्या सह्या असलेल्या चेंडूवर ही जागा रिवाजाने मॅनेजरसाठी सोडत.

आता त्यावरची छपाई. अमेरिकेत दोन मोठ्या लीग, अमेरिकन आणि नॅशनल. १९९९पर्यंत दोन्हींचे चेंडू वेगळे होते आणि प्रत्येकावर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही असायची. अध्यक्ष बदलला की छपाई बदलायची. अमेरिकन लीगच्या चेंडूवर विल्यम हॅरिज हे नाव असेल तर चेंडू १९३१ ते १९५९ या काळातला. जो क्रोनिनचं असेल तर त्यानंतरचा, १९७३पर्यंतचा. नॅशनल लीगमध्ये फोर्ड फ्रिक १९३४ ते १९५१, मग वॉरन गाइल्स १९६९पर्यंत, मग चब फीनी. संग्राहकांना ही नावं तोंडपाठ असतात.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणात कळतं. बेसबॉलचा सर्वांत मोठा नायक बेब रूथ. तो १६ ऑगस्ट १९४८ रोजी वारला. त्याची सही जो क्रोनिनच्या छपाईच्या चेंडूवर दिसली, तर अक्षर कितीही हुबेहूब असो, पुढे पाहायची गरज उरत नाही. तो चेंडू बनला तेव्हा रूथ हयातच नव्हता.

शिवणही बोलते. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टाके दोन रंगी असत: अमेरिकन लीगचे लाल-निळे, नॅशनलचे लाल-काळे. पुढे सगळे लाल झाले. कातडं १९७३पर्यंत घोड्याचं होतं, १९७४पासून गाईचं आलं. चेंडू बनवण्याचं काम १९७७पासून रॉलिंग्ज कंपनीकडे गेलं. आज हे चेंडू कोस्टारिकातल्या तुरियाल्बा गावी शिवले जातात, त्याआधी बरीच वर्षं हैतीत शिवले जात. इतकं सगळं माहीत असलेल्या माणसाला चेंडू नुसता हातात फिरवून त्याचं वय सांगता येतं.

यजमानांच्या हातातला चेंडू गडद मधाच्या रंगाचा झाला होता. मला वाटलं, जुनेपणाने. त्यांनी सांगितलं, शेलॅकने. पूर्वी सह्या टिकाव्यात म्हणून लोक चेंडूवर लाखेचं वॉर्निश चढवत. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान. म्हणजे जिथे बेसबॉल फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तिथल्या रानातली लाख न्यूयॉर्कच्या घराघरांतल्या चेंडूंवर बसली. सह्या तिने टिकवल्या खऱ्या, पण कातडं तपकिरी करून टाकलं. आज असा चेंडू पांढऱ्या चेंडूपेक्षा बराच कमी किमतीला जातो.

शाईचं वय

चेंडूनंतर शाई. बॉलपेन अमेरिकेत पहिल्यांदा विक्रीला आलं ते २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात. यांकीज संघाचा लू गेरिग त्याआधी चार वर्षं, २ जून १९४१ रोजी, वारला होता. त्यामुळे बॉलपेनने केलेली गेरिगची सही खरी असूच शकत नाही. रूथला हे पेन आयुष्याची शेवटची तीन वर्षंच मिळालं. त्याच्या बहुतेक सह्या टाकाच्या किंवा फाउंटन पेनच्या. शार्पी हे मार्कर पेन १९६४चं. त्याने केलेली रूथची सही आजही कुठे ना कुठे विकायला निघते, याचं मला खरोखर नवल वाटतं.

चेंडूसाठी निळं बॉलपेनच का, याचंही कारण आहे. मार्करची शाई कातड्यात पसरत जाते. आज ठसठशीत दिसणारं नाव काही वर्षांनी कडेने पिवळसर फुटतं. बॉलपेनची रेघ बारीक राहते आणि कातड्यावर दाबही उमटवते. भिंगाखाली तो दाब दिसतो. शत्रू मात्र दोघांचाही एकच, ऊन. खिडकीजवळ ठेवलेल्या चेंडूवरची सही थोड्या वर्षांत विटते.

नकली वस्तू जुनी भासवण्याचे उद्योगही याच ज्ञानावर चालतात. एका टोळीने चेंडूंवर शेलॅक लावून ते कुत्र्याच्या खाण्याच्या पोत्यात मुरत ठेवल्याचं तपासात पुढे आलं. कुबट वास आला की गिऱ्हाईक म्हणतं, माळ्यावरचा असणार. यावर एक सोपी तपासणी म्हणजे अतिनील दिवा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात पांढरेपणासाठी जी रसायनं घालू लागले, ती या दिव्याखाली निळसर चमकतात. १९२०चा म्हणून दिलेला कागद असा चमकला तर त्याचा काळ उघड होतो.

दुसऱ्याच्या हातच्या सह्या

सगळ्या खोट्या सह्या लबाडीने झालेल्या नसतात. मला या विषयात सर्वांत जास्त गुंतवलं ते याच प्रकाराने.

१९५०च्या दशकात यांकीजच्या ड्रेसिंग रूममध्ये डझनावारी चेंडू सह्यांसाठी येत. मिकी मँटलसारख्या खेळाडूला प्रत्येक चेंडूवर सही करायला वेळ नसे, इच्छाही नसे. मग तिथला सामानसुमान सांभाळणारा माणूस त्याच्या नावाने सही करून मोकळा होई. सरावाने त्याचा हात इतका बसलेला असे की सही मागणाऱ्या मुलांना संशयही येत नसे. संघाकडूनच आलेले असे चेंडू आज नातवंडांच्या घरात आहेत. आजोबांना खुद्द संघाने दिलेला चेंडू, हा त्यांचा दावा शब्दशः खरा असतो, आणि तरीही त्यावरची मँटलची सही मँटलची नसते. त्या मुलांवर अन्यायच झाला, असं मला वाटतं. ज्याने पत्र लिहून महिनोन्महिने पोस्टमनची वाट पाहिली, त्याला निदान कोरा चेंडू पाठवायला हवा होता.

गेरिगची कथा याहून वेगळी. १९३९मध्ये त्याला त्या आजाराचं निदान झालं ज्याला अमेरिकेत आज त्याच्याच नावाने ओळखतात. स्नायू हळूहळू निकामी होत गेले, पेन धरवेना. तेव्हा चाहत्यांच्या पत्रांना त्याच्या पत्नीने, एलेनरने, त्याच्या नावाने सही करून उत्तरं पाठवली. बाजारात या सह्यांना त्याची म्हणून किंमत नाही. माझ्या हाती असं पत्र आलं तर मी ते विकणार नाही.

आणि जो जॅक्सन. बेसबॉलमधल्या सर्वांत मोठ्या फलंदाजांपैकी एक. १९१९च्या जागतिक मालिकेत (वर्ल्ड सिरीज) पैसे घेऊन सामने हरल्याच्या प्रकरणात तो कायमचा बाहेर फेकला गेला. २०२५च्या मे महिन्यात त्याचं नाव अपात्रांच्या यादीतून काढलं, तेव्हा त्याच्या मृत्यूला सात दशकं उलटून गेली होती. त्याला लिहिता-वाचता जवळपास येत नव्हतं. सह्या बहुधा पत्नी केटी करायची. तो स्वतः सही करायचा तेव्हा अक्षरं एकेक करून चित्रासारखी काढायचा. म्हणून त्याच्या हातची सही म्हणजे दुर्मिळातली दुर्मिळ वस्तू. १९११ सालच्या एका छायाचित्रावर त्याने केलेली सही २०२१मध्ये लिलावात १४ लाख ७० हजार डॉलरला गेली. इथे जाणकाराचे नेहमीचे नियम उलटे होतात. एरवी अडखळत काढलेली रेघ खोटेपणाची खूण. जॅक्सनच्या बाबतीत मात्र सफाईदार सही दिसली, की तीच संशयास्पद.

अक्षराचा वेग

आता अक्षराकडे येऊ. माणूस आपली सही लिहीत नाही, ती हातातून निघून जाते. पेन कागदाला टेकायच्या आधीच हात हलायला लागलेला असतो आणि उचलल्यावरही हलत राहतो. त्यामुळे खऱ्या सहीत सुरुवातीची आणि शेवटची टोकं निमुळती होत जातात. नक्कल करणारा दुसऱ्याचं अक्षर काढत असतो. त्याची टोकं बोथट असतात, वळणावर रेघ थरथरते. मधेच पेन उचललेलं असतं आणि पुन्हा त्याच जागी टेकवलेलं असतं. दाब सगळीकडे सारखाच. भिंगाखाली हे सगळं पाहायला मिळतं, आणि एकदा नजरेला सवय झाली की मग नुसत्या डोळ्यांनाही खटकायला लागतं.

पण वेग बरोबर आला म्हणजे काम झालं, असं नाही. माणसाची सही आयुष्यभर बदलत असते. रूथ साधारण १९३०पर्यंत ‘बेब’ हे टोपणनाव अवतरणचिन्हांत लिहायचा, पुढे चिन्हं सोडून दिली. कागदपत्रांवर मात्र तो जॉर्ज रूथ. तेव्हा सही कुठल्या वर्षाची म्हणून दाखवली जाते आहे आणि तिचं वळण त्या वर्षाशी जुळतं का, हे पाहावं लागतं. ताडून पाहायला निर्विवाद नमुने लागतात, आणि ते मिळतात बँकेत वटलेल्या चेकवर, करारपत्रांवर, मृत्युपत्रांवर. टाय कॉब या तापट खेळाडूला हिरव्या शाईची आवड होती. त्याचे चेक संग्राहक मोठ्या हौसेने घेतात.

याच कॉबच्या नावावर मोठी फसवणूकही झाली. १९४६ची त्याची म्हणून एक हस्तलिखित डायरी हॉल ऑफ फेममध्ये मांडलेली होती. एफबीआयने ती तपासली, आणि ती बनावट असल्याचं २००९मध्ये जाहीर झालं. ज्या संस्थेकडे खेळाची सगळी कागदपत्रं आहेत, तिलाही ही नक्कल कळली नाही. हे ऐकल्यापासून कुणी तज्ज्ञ छातीठोकपणे बोलू लागला की मी सावध होते.

आज या तपासणीच्या कामात तीन मोठी नावं आहेत: पीएसए, जेम्स स्पेन्स आणि बेकेट. वस्तू आणि फी पाठवली की ते पाहून अभिप्राय देतात, पत्र देतात, क्रमांक देतात. मोठी लिलावघरं या पत्राशिवाय वस्तू सहसा घेत नाहीत. पण ते पत्र म्हणजे मत आहे, पुरावा नव्हे. वाचणाऱ्याने एवढं धरून ठेवावं. सही झाली तेव्हा तज्ज्ञ तिथे नव्हता. तो अनुभवाने सांगतो आहे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पण कधी दोन कंपन्या एकाच चेंडूबद्दल उलटसुलट अभिप्राय देतात.

सॅन डिएगोतले चेंडू

१९९०च्या दशकाच्या शेवटी सॅन डिएगो पाद्रेज संघाचा लाडका खेळाडू टोनी ग्विन याला त्याच्याच मैदानातल्या दुकानात त्याची सही असलेल्या वस्तू दिसल्या. त्या सह्या त्याने केल्याच नव्हत्या. त्याने तसं सांगितलं. त्याच शहरात एफबीआयची एक तपासमोहीम चालू होती, नाव ‘ऑपरेशन बुलपेन’. तपास अधिकारी जपानला माल पाठवणारे व्यापारी म्हणून खोट्या सह्या विकणाऱ्या एका टोळीत शिरले होते. १३ ऑक्टोबर १९९९ रोजी पाच राज्यांत साठेक ठिकाणी एकाच दिवशी छापे पडले.

जे हाती लागलं त्यात रूथ, मँटल, जो डिमॅजिओ या खेळाडूंच्या सह्यांचे ढीग होतेच. पण एका चेंडूवर सही होती मदर तेरेसांची. कोलकात्यात रस्त्यावरच्या माणसांसाठी आयुष्य घालवलेल्या बाई बेसबॉलच्या चेंडूवर सही कशाला करतील, असा प्रश्न विकत घेणाऱ्यांना पडत नसेल का? पडत असेल, पण सोबत प्रमाणपत्र असायचं. टोळीत सह्या करणारे होते, जुने चेंडू आणि जुन्या पुस्तकांतली कोरी पानं जमवणारे होते, आणि खोटं प्रमाणपत्र देणारेही होते. सही करणाऱ्या मुख्य माणसाचा हात विलक्षण होता, दिवसाला शेकड्यांनी सह्या करायचा. या वस्तू देशभरच्या दुकानांत गेल्या. बाजारातल्या निम्म्याहून जास्त सह्या खोट्या असाव्यात, असा एफबीआयचा तेव्हाचा अंदाज होता. त्यातल्या किती वस्तू आजही कुणाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत असतील, ते मोजता येणार नाही.

नकली पकडायला होलोग्राम आला, तर होलोग्रामही नकली निघू लागला. २०२५च्या जुलैत इंडियाना राज्यातल्या वेस्टफिल्ड गावी बनावट सह्या आणि त्यांवर बनावट होलोग्राम असं एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. म्हणून स्टिकर दिसला की थांबायचं नाही. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधायचा आणि तिथे नोंदलेली वस्तू हीच का, ते पाहायचं.

मैदानातला साक्षीदार

ग्विनच्या तक्रारीतून आणि त्या छाप्यांतून एक चांगली गोष्ट निघाली. मेजर लीग बेसबॉल या दोन्ही लीगच्या संस्थेने २००१मध्ये स्वतःची व्यवस्था उभी केली. तिचं मूळ तत्त्व एवढंच: आमच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर आम्ही खरं म्हणणार नाही. ही माणसं पोलीस खात्यातली असतात, नोकरीत असलेली किंवा निवृत्त. प्रत्येक सामन्याला निदान एक जण मैदानालगत बसलेला असतो. खेळातून बाद झालेला चेंडू बॅटबॉय त्याच्याकडे आणून देतो, तो लगेच क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो आणि कुठल्या डावात, कुणी टाकलेला, हे नोंदवतो. काढायला गेलं तर स्टिकर फाटतो, दुसऱ्या वस्तूवर बसत नाही. सह्यांच्या कार्यक्रमातही हा माणूस खेळाडूच्या समोर बसतो.

या नियमाचा काटेकोरपणा मला फार आवडला. होमरन म्हणजे फटका थेट प्रेक्षकांत जाणं. हजारो लोक तो पाहत असतात, दूरदर्शनवर तो दहा वेळा दाखवतात. तरीही चेंडू झेललेला प्रेक्षक तो घेऊन या अधिकाऱ्याकडे गेला, तर अधिकारी नकार देतो. गर्दीत चेंडू काही क्षण नजरेआड झाला, तेवढ्यात खिशातला दुसरा चेंडू बाहेर येऊ शकतो. मोठा विक्रम जवळ आला की मग आधीच खुणा केलेले चेंडू खेळात आणतात. २०२२मध्ये फलंदाज एरन जज एकाच हंगामातल्या ६२व्या होमरनच्या दिशेने निघाला तेव्हा तसंच केलं होतं. तो चेंडू पुढे १५ लाख डॉलरला विकला गेला.

किंमत कशाची?

कूपरस्टाउनहून परतताना मी यजमानांना विचारलं, की एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्यांमध्ये किमतीचा शंभरपटीचा फरक कसा पडतो? त्यांनी गाडी चालवता चालवता उत्तर दिलं, ते मी माझ्या शब्दांत मांडते.

एकट्याची सही असलेला चेंडू सर्वांत वर. त्याच माणसाची सही वहीच्या पानावर असेल तर किंमत खूप खाली. चेंडू अधिकृत हवा, पांढरा हवा, शाई गडद हवी, सही स्वीट स्पॉटवर हवी. मग माणूस किती जगला आणि त्याने किती सह्या दिल्या. रूथ उदार होता, रस्त्यात पोरांनी घेरलं की सह्या करत सुटायचा. त्यामुळे त्याच्या खऱ्या सह्या बऱ्याच आहेत. मागणीही तेवढीच, म्हणून किंमत चढी. त्याची सही असलेला एक चेंडू २०१२मध्ये ३ लाख ८८ हजार डॉलरला गेला. याउलट पोर्तो रिकोचा रॉबर्तो क्लेमेंते. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात पडलं. तो ३८ वर्षांचा होता. निवृत्तीनंतर टेबलामागे बसून सह्या करण्याचं वय त्याला मिळालंच नाही. त्याच्या एकट्याच्या सहीचा चेंडू म्हणूनच सहसा दिसत नाही.

मग येतो तो वस्तूचा मागचा प्रवास. १९३९च्या जूनमध्ये हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं तेव्हा हयात असलेले अकरा मानकरी तिथे आले होते: रूथ, कॉब, साय यंग, वॉल्टर जॉन्सन, होनस वॅग्नर आणि इतर. एका खेळाडूने त्या दिवशी एकाच चेंडूवर अकराही जणांच्या सह्या घेतल्या आणि तो जपून ठेवला. कुणाकडून कुणाकडे गेला, हे सगळं माहीत असलेला तो चेंडू २०१८मध्ये ६ लाख २३ हजार डॉलरला विकला गेला. प्रवास माहीत असण्याला आणखी एक बाजू आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहातून एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलची पत्रं काही दशकांपूर्वी गायब झाली. २००९मध्ये तशी पत्रं लिलावाच्या यादीत दिसली आणि चौकशी सुरू झाली. सह्यांबद्दल प्रश्न नव्हता, मालकीबद्दल होता. सही अस्सल असली तरी वस्तू चोरीची असू शकते, हेही घेणाऱ्याने विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र बाजाराची मला पटत नाही. ‘अमक्यास शुभेच्छा’ असं नाव घालून केलेल्या सहीला कमी भाव येतो, कारण दुसऱ्या नावाच्या गिऱ्हाइकाला ती नको असते. म्हणून विकणारे खेळाडूला नाव घालू नका म्हणतात. काही खेळाडू तर विक्रेत्यांना दूर ठेवण्यासाठी मुद्दाम नाव घालतात. यजमानांच्या कपाटात त्यांच्या मुलाच्या नावाने केलेल्या सह्या आहेत. ‘आदित्य’ हे नाव तीन खेळाडूंनी तीन तऱ्हेने लिहिलंय, त्यातल्या दोघांचं चुकलंय. बाजारात त्यांना फारसं कुणी विचारणार नाही. मला संपूर्ण कपाटात तेच चेंडू सर्वांत मोलाचे वाटले.

कठड्यापाशी

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला मराठी माणसं बालाजीच्या देवळासाठी जातात. त्याच गावात सॉमरसेट पॅट्रियट्स या संघाचं मैदान आहे. २०२१पासून तो यांकीजचा डबल-ए संघ आहे, म्हणजे मोठ्या संघाच्या दोन पायऱ्या खालचा. तिकीट स्वस्त, मैदान छोटं. सामन्याआधी खेळाडू कठड्यापाशी येतात आणि पोरांशी बोलत सह्या करतात. अँथनी व्होल्पी २०२२मध्ये इथे खेळत होता, दुसऱ्या वर्षी तो यांकीजकडून खेळू लागला. यजमानांकडे त्याची तेव्हाची सही आहे. त्यासाठी त्यांना चेंडूचे आणि तिकिटाचे सोडून एक पैसा पडला नाही, आणि ती खरी का, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.

मी तिथे गेले त्या संध्याकाळी कठड्यावर ओणवून दहा-बारा मुलं उभी होती. दोन-तीन तरी आपल्याकडची. एका मुलीने चेंडू उलटा धरला होता, खेळाडूने तो हसत सरळ केला आणि कोऱ्या पट्टीवर सही केली. तिच्या आईने फोटो काढला. तो फोटो कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा वरचा आहे, हे त्या माउलीला सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही.

ज्यांना हा नाद लागलाय किंवा लागणार आहे, त्यांना माझं सांगणं असं. रूथ, गेरिग, मँटल यांच्यापासून सुरुवात करू नका. सर्वांत जास्त नकला त्यांच्याच आहेत. स्वस्तात मिळतेय म्हणून तर मुळीच घेऊ नका. विकणाऱ्याने आजोबांची गोष्ट सांगितली तर ती ऐका, पण पैसे चेंडू, शाई, अक्षर आणि नोंद पाहून द्या. जिवंत माणसाची सही समोर उभं राहून घ्या.

आणि हे बेसबॉलपुरतं नाही. आपल्याकडे घरोघरी स्वाक्षरीच्या वह्या आहेत, सही केलेल्या बॅटी आहेत, लेखकांनी सही करून दिलेली पुस्तकं आहेत. ती कुणी, कुठे, कधी घेतली, तेव्हा सोबत कोण होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि एका कागदावर तारखेसकट लिहून त्या वस्तूसोबत ठेवा. वस्तू उन्हापासून लांब ठेवा. लॅमिनेशन करू नका, वॉर्निश लावू नका. आणि अक्षरं फिकट झाली असतील तर ती पेनाने पुन्हा गिरवू नका.